लसूण आणि मानेतली गाठ : दादरच्या एका आयुर्वेदिक दुकानातील मालाचे परीक्षण

दादर पश्चिमेला भाजी बाजाराची गर्दी ओलांडून पुढे गेले, की काष्ठौषधी आणि तयार आयुर्वेदिक औषधे विकणारी काही जुनी दुकाने लागतात. त्यांपैकी एका दुकानात मानेतल्या, काखेतल्या आणि जांघेतल्या गाठींवर लसणाचे चार प्रकार विकले जातात: निवडलेला ताजा लसूण, गाठीवर लावायचा लेप, तेलात बुडवलेल्या पाकळ्यांची बाटली आणि लसूण तेलाच्या कॅप्सूल. याच दुकानात सायंकाळी एक वयस्कर वैद्य बसतात. हे परीक्षण त्या चार वस्तूंचे आणि तिथे मिळणाऱ्या सल्ल्याचे आहे. दुकानाचे नाव मी देत नाही, कारण याच वस्तू जवळपास याच शब्दांत शिफारस करून लालबागपासून मुलुंडपर्यंत अनेक ठिकाणी विकल्या जातात, आणि वाचकाला त्या कुठेही पारखता याव्यात, अशी माझी इच्छा आहे.

वस्तूंकडे वळण्यापूर्वी गाठीविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. हाताला लागणारी अशी गाठ बहुतेक वेळा लसिका ग्रंथी असते. आपल्या शरीरात अशा सुमारे सहाशे ग्रंथी असतात, आणि त्या त्या भागातून परत येणारा लसिकास्राव त्यांच्यातून गाळला जातो. त्यात जंतू आले की ग्रंथीतल्या पांढऱ्या पेशींची संख्या वाढते आणि ग्रंथी फुगते. त्यामुळे सूज ग्रंथीत दिसली तरी कारण बहुधा दुसरीकडे असते. जबड्याखालच्या गाठीमागे किडलेली दाढ किंवा सुजलेला घसा असतो, लहान मुलांच्या मानेमागे येणाऱ्या बारीक गाठींमागे डोक्यातल्या उवा आणि खाजवून झालेल्या जखमा असतात, आणि पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून ये-जा करून ज्याच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या आहेत, त्याच्या जांघेत अवधाण येते. मूळ कारण दूर झाले की यांतल्या बहुतेक गाठी दोन ते चार आठवड्यांत आपोआप ओसरतात. लसणाचा या बाबतीतला लौकिक मोठ्या प्रमाणात याच आठवड्यांत तयार झालेला आहे. गाठ आली, घरातल्या वडीलधाऱ्यांनी लसूण दिला, पंधरवड्यात गाठ बसली, आणि पुढच्या पिढीला तोच उपाय सांगितला गेला. ज्या घरांत याखेरीज दुसरे काही हाताशी नव्हते त्या घरांनी असे मानणे अगदी स्वाभाविक होते. क्षयावर चालणारे पहिले प्रतिजैविक, स्ट्रेप्टोमायसिन, 1943 साली सापडले, तोपर्यंत गंडमाळ, म्हणजे मानेत माळेसारख्या येणाऱ्या, बहुधा क्षयाच्या गाठी झालेल्या माणसाला लेप, शेक आणि पथ्य यांपलीकडे देण्यासारखे फारसे काही नव्हते.

आता ताज्या लसणाविषयी. चारही वस्तूंत मला हीच सर्वांत प्रामाणिक वाटली. मुंबईच्या बाजारात येणारा बराचसा लसूण मध्य प्रदेशातल्या मंदसौर-नीमच भागातून येतो, आणि या दुकानातला मालही तिकडचाच असल्याचे सांगण्यात आले. पाकळ्या लहान, साल जांभळट, कुडी दाबून पाहिली तर घट्ट. कोंब फुटलेल्या किंवा पोचट पाकळ्या मला आढळल्या नाहीत, आणि पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत असा माल राखणे सोपे नसते. एकपाकळीचा लसूणही इथे वेगळ्या टोपलीत ठेवलेला असतो आणि त्याचा भाव साध्या लसणाच्या कितीतरी पट सांगितला जातो. तो सोलायला सोपा आहे, इतकाच त्याचा फायदा मला दिसला; गाठीवर तो अधिक चालतो या सांगण्याला काही आधार मला सापडला नाही. 2024 च्या आरंभी साधा लसूणच किरकोळ बाजारात किलोला 400 रुपयांच्या वर गेला होता, हे ज्यांना आठवत असेल त्यांनी या टोपलीपाशी थोडे थांबून विचार करावा.

लसणात जे तिखट आणि उग्र आहे ते अख्ख्या पाकळीत तयार नसते. पाकळी ठेचली किंवा चिरली की तिच्यातले ॲलीन हे द्रव्य आणि ॲलिनेज हे विकर एकत्र येतात आणि काही क्षणांत ॲलिसिन तयार होते. ॲलिसिन जंतूंना मारते, हे चेस्टर कॅव्हॅलिटो आणि जॉन बेली यांनी 1944 साली ते वेगळे काढून दाखवले होते, आणि प्रयोगशाळेतल्या बशीत ते आजही तसेच सिद्ध होते. मात्र ते विकर उष्णतेने नष्ट होते, म्हणून अख्ख्या पाकळ्या थेट उकळत्या पाण्यात टाकून केलेल्या काढ्यात ॲलिसिन जवळजवळ तयारच होत नाही. ज्याला कच्च्या लसणाचा गुण हवा आहे त्याने तो ठेचून, आठ-दहा मिनिटे तसाच ठेवून मग खावा, आणि रिकाम्या पोटी घेण्याचा हट्ट धरू नये. पित्ताचा त्रास असणाऱ्यांना त्याने छातीत जळजळ होते. इतके केल्यावरही एक अडचण उरतेच, आणि दुकानात ती कोणी सांगत नाही. खाल्लेले ॲलिसिन शरीरात इतक्या लवकर मोडते की लसूण खाल्ल्यानंतर ते रक्तात सापडत नाही. श्वासाला आणि घामाला जो वास बराच वेळ येत राहतो तो ॲलिल मिथाइल सल्फाइड या दुसऱ्याच द्रव्याचा असतो. म्हणजे बशीतल्या जंतूंना मारणारे द्रव्य मानेतल्या ग्रंथीपर्यंत त्या रूपात पोहोचत नाही. लसूण रोजच्या जेवणात असावा, चटणीत असावा, डाळीच्या फोडणीत असावा, हे मी मनापासून म्हणते. सुजलेली ग्रंथी तो बसवतो, असे म्हणण्यास मात्र मी तयार नाही.

परंपरेच्या बाजूनेही हा दावा तितका भक्कम नाही, याचे मला विशेष वाटले. आपल्याकडे लसणाचा मान फार जुना आहे. काश्यपसंहितेत त्याच्यासाठी लशुनकल्प हा स्वतंत्र अध्याय आहे, आणि मध्य आशियातल्या कुचा येथे 1890 साली मिळालेल्या भूर्जपत्रांवरील प्राचीन हस्तलिखिताच्या पहिल्या भागाचा आरंभच लसणाच्या वर्णनाने होतो. वातविकार, गुल्म, कृमी, श्वास आणि कास यांवर तो सांगितला जातो. दुधात आटवलेला लशुनक्षीरपाक अजूनही अनेक वैद्य देतात. परंतु गंडमाळ, अपची (चिघळत राहणाऱ्या गाठी) आणि ग्रंथी यांचा विषय निघाला की वैद्यांच्या तोंडी पहिले नाव येते ते कांचनाराचे, म्हणजे ज्याला आपण कांचन म्हणतो आणि जो आपट्याच्याच कुळातला आहे त्या झाडाच्या सालीचे. ही साल आणि गुग्गुळ हा डिंक घालून केलेल्या कांचनार गुग्गुळाचा पाठ शार्ङ्गधरसंहितेत आहे आणि त्यात गंडमाळेचा स्पष्ट उल्लेख आहे. कांचनार गुग्गुळाने क्षयाची किंवा कर्करोगाची गाठ बरी होते असे मी सुचवत नाही. परंपरेचे नाव घेऊन लसूण विकायचा असेल तर परंपरेने त्याला कोणती जागा दिली आहे तेही सांगायला हवे, एवढेच माझे म्हणणे आहे. गल्ल्यावरच्या माणसाला मी हे विचारले तेव्हा तो म्हणाला, "ताई, गुग्गुळ लोकांना माहीत नसतो, लसूण घरोघरी असतो, म्हणून लोक तोच मागतात." त्याचे उत्तर खरे आहे, आणि विक्रीचे सगळे गणित त्यात आले.

लेप ही या दुकानातली सर्वांत वाईट वस्तू आहे. लसणाची भुकटी, हळद आणि आणखी काही चूर्णे एकत्र करून प्लास्टिकच्या डबीत भरलेली असतात. कोमट पाण्यात किंवा ताज्या ठेचलेल्या लसणात कालवून ते गाठीवर लावावे, वर कापड बांधावे आणि रात्रभर ठेवावे, असे सांगितले जाते. घरोघरी गूळ-चुन्याचा लेप, ओवा-लसणाची पुरचुंडी हे प्रकार चालत आले आहेत, त्यामुळे हा प्रकार आपल्याला परका वाटत नाही आणि त्यातच धोका आहे. पुरचुंडी कापडातून शेकते आणि थोड्या वेळात बाजूला होते. ठेचलेला लसूण कातडीला चिकटवून, वर बांधून, तासन्‌तास ठेवला की कातडी भाजते. आधी लाली, मग आग, मग फोड, आणि काही रुग्णांत त्याखालची कातडी सोलून निघते. अशा भाजण्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत वारंवार आलेल्या आहेत, आणि त्यांत लहान मुले बरीच आहेत, कारण त्यांची कातडी पातळ असते आणि आग होत असल्याचे ती सांगू शकत नाहीत. मी हा लेप दिलेल्या पद्धतीने स्वतःच्या दंडावर लावून पाहिला. अर्ध्या तासाच्या आत चटका जाणवू लागला, धुऊन टाकल्यावरही लाल चट्टा राहिला, आणि मानेच्या नाजूक कातडीवर, तेही रात्रभर, हे कोणी ठेवावे असे मला मुळीच वाटत नाही. डबीवर काळजीची सूचना नाही, किती वेळ ठेवावे हे छापलेले नाही, मुलांना लावू नये हेही नाही. शिवाय त्याने भाजलेल्या कातडीत जंतुसंसर्ग झाला, तर त्याच संसर्गाने आतली ग्रंथी आणखी फुगते, आणि मग घरचे लोक लेप आणखी वाढवतात. या वस्तूला मी एकही गुण देत नाही, आणि दुकानाने ती फळीवरून काढून टाकावी असे तिथेही सांगून आले आहे.

तेलाच्या बाटलीबाबतही तितक्याच गांभीर्याने लिहावे लागेल. तिळाच्या तेलात कच्च्या पाकळ्या नुसत्या बुडवून ठेवलेल्या दिसतात. पाकळ्या पांढऱ्या आणि टवटवीत राहिल्या आहेत, म्हणजे तेल तापवलेले नाही. बाटलीवर तयार केल्याची तारीख नाही आणि औषध म्हणून परवाना क्रमांकही नाही. हे तेल गाठीवर चोळावे आणि चमचाभर पोटातही घ्यावे, असे सांगितले जाते. जमिनीतून निघालेल्या लसणावर बोटुलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, आणि तेलाखाली हवा नसलेल्या, आंबटपणा नसलेल्या जागी, मुंबईच्या साध्या खोलीच्या तापमानाला त्यांना वाढायला हवे ते सगळे मिळते. 1985 साली कॅनडातल्या व्हँकुव्हर येथे थंडाव्यात न ठेवलेल्या अशाच तेलातल्या चिरलेल्या लसणाने 36 जणांना बोटुलिझमची विषबाधा झाली होती. अशा तेलाला वेगळा वास येत नाही, चव बदलत नाही, आणि हे विष मज्जासंस्थेवर परिणाम करते. आपल्या परंपरेतले सिद्ध तेल वेगळे असते. त्यात लसणाचा कल्क, म्हणजे वाटून केलेला गोळा, मंद आचेवर पाण्याचा अंश पूर्ण आटेपर्यंत शिजवतात आणि मग तेल गाळून घेतात. हाच विधी या बाटलीत पाळलेला नाही. ज्यांनी ती आधीच घेतली असेल त्यांनी निदान पोटात घेऊ नये. घरी मधात पाकळ्या मुरवून ठेवणाऱ्यांनीही ती बरणी फ्रीजमध्ये ठेवावी आणि थोडीच करावी.

कॅप्सूलविषयी फार लिहिण्यासारखे नाही. त्या नामांकित कारखान्यांच्या आहेत, वेष्टनावर परवाना, तारीख आणि मात्रा सगळे नीट छापलेले आहे, आणि गाठींचा उल्लेखही वेष्टनावर नाही. तो गल्ल्यावर तोंडी केला जातो. वाफेने काढलेल्या लसूण तेलात ॲलिसिन नसते, त्याच्यापासून झालेली इतर गंधकयुक्त द्रव्ये असतात. एक सूचना मात्र महत्त्वाची आहे. एकवटलेल्या रूपातल्या लसणाने रक्त गोठण्याचा वेग काहीसा मंदावू शकतो. वॉरफरिन, क्लोपिडोग्रेल किंवा ॲस्पिरिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या गोळ्या सुरू करू नयेत, आणि ज्यांच्या गाठीचा तुकडा काढून तपासायचा आहे त्यांनी तर या गोळ्या चालू आहेत हे आधीच सांगावे. एचआयव्हीवरील सॅक्विनाव्हिर या औषधाचे रक्तातले प्रमाण लसणाच्या गोळ्यांनी निम्म्याच्या आसपास उतरल्याचे 2002 साली एका अभ्यासात दिसले होते. आणि गाठी सुजणे हे एचआयव्हीचेही एक लक्षण असते, म्हणून हा उल्लेख इथे अप्रस्तुत नाही.

या दुकानाकडे मी पुन्हा पुन्हा वळते ती वैद्यांमुळे. गल्ल्यावर काहीही न विचारता लेप दिला जातो, आणि चार पावलांवर बसलेला माणूस आधी विचारतो आणि हात लावून पाहतो, हा विरोधाभास मला अस्वस्थ करतो. माझ्या भाचीच्या मानेच्या उजव्या बाजूला गाठ आली होती, दुखत नव्हती, आणि महिना उलटूनही बसत नव्हती. तिच्या सासूबाईंनी लसूण सुरू केला होता, म्हणून लसणाबद्दलच विचारायला मी तिला इथे घेऊन आले. वैद्यांनी लसणाचे नाव घेण्याआधी तिला प्रश्न विचारले: गाठ किती दिवसांपासून आहे, दाढ दुखते का, संध्याकाळी अंग गरम होते का, रात्री घाम येतो का, कपडे सैल झाले आहेत का, घरात किंवा शेजारी कोणाला खोकल्याचा जुना आजार आहे का. मग त्यांनी गाठ बोटांनी चाचपली, ती हलते की रुतलेली आहे, एकटी आहे की एकमेकींना चिकटलेल्या दोन-तीन आहेत ते पाहिले, गळ्याच्या हाडाच्या वरची खळगी आणि दोन्ही काखा तपासल्या. शेवटी ते तिला म्हणाले, "बाळ, लसूण खायचा असेल तर खा, पण ही गाठ सुईने तपासून घेतल्याशिवाय मी तुला काहीही देणार नाही." चिठ्ठीवर त्यांनी औषध लिहिले नाही, पालिकेच्या रुग्णालयात जाऊन सुईची तपासणी आणि क्षयाच्या जंतूंसाठी सीबीनॅट चाचणी करून घ्यावी, एवढेच लिहिले.

तपासणीत क्षय निघाला. मुंबईत फुफ्फुसाबाहेरचा क्षय ज्या रूपांत दिसतो त्यांत मानेतल्या गाठी हे फार नेहमीचे रूप आहे, आणि अशा रुग्णाला अनेकदा खोकला मुळीच नसतो, म्हणून घरातले कोणी क्षयाचा विचारही करत नाही. उपचार सरकारी कार्यक्रमात विनामूल्य मिळतात, नेहमीच्या क्षयात साधारण सहा महिने गोळ्या घ्याव्या लागतात, आणि 2018 पासून रुग्णाला पोषणासाठी महिन्याला 500 रुपये खात्यात मिळू लागले, ती रक्कम नोव्हेंबर 2024 पासून 1000 रुपये झाली. हे सगळे वाट्याला येण्याआधी किती घरांत लेप बदलत महिने जातात, याची मला फार काळजी वाटते. औषध अर्धवट घेतले की जंतू त्या औषधाला दाद देईनासा होतो, आणि अशा चिवट क्षयाचा त्रास मुंबईने पुष्कळ सोसला आहे.

यापुढची गोष्ट फार थोड्या जणांना ठाऊक असते, आणि लसणाकडे लोक परत वळतात ते नेमके इथेच. उपचार योग्य चालू असतानाही ग्रंथीच्या क्षयात मधल्या काळात गाठ आधीपेक्षा मोठी होऊ शकते, नवी गाठही उठू शकते, कधी ती मऊ पडून फुटते. मेलेल्या जंतूंविरुद्ध शरीराची प्रतिक्रिया वाढल्याने हे घडते, आणि प्रत्येक वेळी त्याचा अर्थ औषध लागू पडत नाही असा नसतो. माझ्या भाचीची गाठ अशीच फुगली तेव्हा घरात गोळ्या थांबवून लेप लावण्याचे बोलणे सुरू झाले. आम्ही पुन्हा याच वैद्यांकडे गेलो. त्यांनी एकही गोळी चुकवू नये असे बजावले, लेपाला स्पष्ट नकार दिला, आणि औषध देणाऱ्या डॉक्टरांना गाठ त्याच आठवड्यात दाखवायला सांगितले. डॉक्टरांनी तपासून तेच औषध पुढे चालू ठेवले. ज्या दुकानात लेप विकून चार पैसे अधिक मिळाले असते तिथे बसून त्यांनी हे सांगितले, याबद्दल मला त्यांच्याविषयी अतिशय आदर वाटतो.

दुकानातल्या भिंतीवरच्या फलकाबाबतही मालकांशी बोलले. त्यावर गलगंड आणि "क्षयाच्या गाठी" बऱ्या होतात असे रंगवलेले आहे. औषधे आणि चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा 1954 सालचा आहे, आणि ज्या आजारांवर औषध असल्याची जाहिरात करण्यास तो मनाई करतो त्यांच्या यादीत क्षय, कर्करोग आणि गलगंड ही तिन्ही नावे आहेत. मालकांनी ऐकून घेतले. फलक मात्र मी शेवटची गेले तेव्हा तसाच होता.

ज्यांना तिथे जायचे आहे त्यांनी सायंकाळी, वैद्य बसलेले असताना जावे आणि गल्ल्यावर काही विकत घेण्याआधी त्यांना गाठ दाखवावी. गाठ सुपारीएवढी किंवा मोठी असेल, कडक आणि रुतलेली असेल, चार आठवड्यांत बसली नसेल, किंवा गळ्याच्या हाडाच्या वर असेल, तर दादरला न उतरता सरळ परळला पालिकेच्या रुग्णालयात गेलेले अधिक चांगले. ताप, रात्रीचा घाम किंवा उतरणारे वजन सोबत असेल तर चार आठवडेही थांबू नये. वैद्यांकडे जाताना जुने रिपोर्ट आणि चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटे बरोबर न्यावीत, कारण ती पाहिल्याशिवाय ते लसणाच्या कॅप्सूललाही होकार देत नाहीत.